दादाने दिलेली पुस्तके आणि न सांगितलेले मत

सप्रेम नमस्कार,

माझा दादा माझ्याहून बराच मोठा आहे आणि विज्ञानकादंबऱ्या व फँटसी हे त्याचे शाळकरी वयापासूनचे वेड आहे. गेल्या वर्षी त्याने मला त्याच्या आवडीच्या चार जुन्या कादंबऱ्या दिल्या आणि प्रत्येक वाचून झाली की मोकळेपणाने मत सांग, असे म्हणाला. मी मनापासून वाचायला बसले, पण जे वाटले ते सांगण्याचे धैर्य होत नाही. असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन'मधल्या कल्पनेने मी थक्क झाले. पण माणसे येतात, बोलतात आणि निघून जातात, आणि त्यांच्यात जवळजवळ एकही बाई नाही, हे लक्षात आल्यावर त्या पुस्तकात आपल्याला बसायला जागाच नाही असे वाटले. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मी एलरॉन्डच्या घरी भरलेल्या लांबलचक सभेपर्यंत वाचली आणि तिथे थांबले ती थांबलेच. मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' वाचताना, आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीतल्या प्रसंगाशी मी रडले. ते दादाला सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, भयकथा वाचून कुणी रडते का? अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' मी सोळाव्या वर्षी त्याच्याच कपाटातून घेऊन वाचली होती आणि ती माझी फार लाडकी होती. या वेळी मात्र जादूगारांच्या त्या शाळेत एकही मुलगी नाही, ही गोष्ट मनातून जाईना. दादा हसल्यापासून मी प्रत्येक पुस्तकाला 'छान आहे' एवढेच म्हणते. मला ही पुस्तके कळत नाहीत का? गाजलेल्या अभिजात पुस्तकाबद्दल माझ्यासारख्या नवख्या वाचकाच्या मताला काही किंमत असते का? दादाला हे कसे सांगू? आणि टॉल्किन यांचा तो अर्धवट राहिलेला जाडजूड ग्रंथ परत करून टाकू का?

— एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात चार पुस्तके आहेत आणि चार वेगवेगळे अनुभव आहेत, पण ते चारही तुम्ही 'मला कळत नाही' या एकाच भीतीत गुंडाळून टाकले आहेत. ज्याला पुस्तक कळलेले नसते तो वाचक साधारणपणे मोघम बोलतो. कंटाळा आला, डोक्यावरून गेले, एवढेच सांगतो. तुम्ही प्रत्येक वेळी नेमके ठिकाण सांगितले आहे: कोणत्या सभेशी थांबलात, कोण गैरहजर असल्याचे जाणवले, कोणत्या प्रसंगी डोळे भरून आले. वाचकाची प्रतिक्रिया व्यक्तिगत असते म्हणून ती हलकी ठरत नाही. तिला पुस्तकातली जागा दाखवता आली की तिचा खरेखोटेपणा तपासता येतो, आणि मग ती दादांच्या मतासमोर, समीक्षकांच्या मतासमोर, अगदी लेखकाच्या स्वतःच्या मतासमोरही ठेवून पाहता येते. आपण तसेच करू.

'फाउंडेशन'च्या बाबतीत तुमच्या बाजूने बोलणारे पहिले गृहस्थ खुद्द आयझॅक असिमोव्ह आहेत. या मालिकेतल्या मूळ कथा १९४२ ते १९५० या काळात 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या मासिकात आल्या आणि १९५१ ते १९५३ मध्ये त्यांचे तीन खंड निघाले. पुढे जवळजवळ तीस वर्षांनी प्रकाशकांनी चौथ्या खंडाचा आग्रह धरला, तेव्हा असिमोव्ह यांनी आधीचे खंड पुन्हा वाचायला घेतले. त्या वाचनाविषयी त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की वाचता वाचता त्यांची अस्वस्थता वाढत गेली. आता काहीतरी घडेल, म्हणून ते वाट पाहत राहिले आणि काही घडलेच नाही, कारण तिन्ही खंड विचारांनी आणि संभाषणांनी भरलेले होते. तुम्ही लिहिले आहे त्याहून हे फार वेगळे नाही. मात्र त्याच लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती अशी की हे सगळे जाणवत असतानाही आपण पाने भराभर उलटत होतो आणि पुस्तक संपल्यावर आणखी हवेसे वाटत होते. एकाच वाचकाला, एकाच बैठकीत, दोन्ही गोष्टी वाटल्या. तुम्हालाही कल्पनेने थक्क केले आणि माणसांनी निराश केले. या दोहोंपैकी एक खरे आणि एक खोटे ठरवण्याची काही गरज नाही.

संभाषणांच्या त्या भरमारीमागे कारण आहे, आणि ते कळले तर कंटाळा कदाचित थोडा कमी होईल. गिबनने लिहिलेल्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासावरून असिमोव्ह यांना ही कल्पना सुचली आणि तिला त्यांनी मासिकातल्या कथांचे रूप दिले. आकाशगंगाभर पसरलेले साम्राज्य कोसळणार हे कथेतल्या हॅरी सेल्डन या गणितज्ञाने गणिताने आधीच ओळखलेले असल्यामुळे प्रत्येक कथेत प्रश्न एवढाच उरतो की समोर आलेल्या संकटातून बाहेर पडायची एकमेव वाट कोणती, आणि ती वाट कुणाला आधी दिसते. लढाया पडद्याआड होतात, त्यांचा अर्थ खोलीत बसलेली माणसे एकमेकांना सांगतात. ही बुद्धीची मजा आहे, आणि ती ज्याला आवडते त्याला फार आवडते. पण माणसाच्या मनात काय चालले आहे हे जाणून घ्यायला जो पुस्तक उघडतो, त्याची भूक तिथे भागत नाही. माझ्या मते पहिल्या खंडाची ही खरी उणीव आहे आणि तिला काळाचे कारण सांगून झाकता येत नाही, कारण याहून सव्वाशे वर्षे आधी लिहिलेल्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये ती नाही.

स्त्रियांच्या बाबतीतले तुमचे निरीक्षण तर अक्षरशः बरोबर आहे. पहिल्या खंडात कोरेलच्या सत्ताधीशाची बायको काही काळ दिसते आणि दागिन्यांच्या प्रात्यक्षिकासाठी एक दासी उभी केली जाते. याखेरीज स्त्री म्हणून लक्षात राहील असे तिथे कुणी नाही. हे केवळ त्या जमान्याचे वळण होते असेही म्हणता येत नाही, कारण विशीच्या आतबाहेर असताना, १९३८-३९ च्या सुमारास, असिमोव्ह यांनी याच मासिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात विज्ञानकथांमध्ये स्त्रीपात्रे आणि प्रेमप्रकरणे घुसडली जातात म्हणून तक्रारीची पत्रे लिहिली होती, आणि त्यांना उलट उत्तर देणारी वाचकांची पत्रेही तिथेच छापून आली होती. म्हणजे तुम्हाला जी जागा रिकामी दिसली, तिच्याविषयी ही कादंबरी जन्माला येण्याआधीच वाद झालेला होता. न्यायाने एवढेही सांगायला हवे की पुढच्या दोन खंडांत चित्र बदलते: दुसऱ्या खंडाचा निकाल बेटा नावाच्या स्त्रीच्या एका क्षणाच्या निर्णयावर ठरतो आणि तिसऱ्यात चौदा वर्षांची आर्केडी कथेचा मोठा भाग आपल्या खांद्यावर घेते. हे सांगण्यामागे ते खंड तुम्ही वाचलेच पाहिजेत असा आग्रह नाही; दादांशी बोलताना तुमचे म्हणणे पहिल्या खंडापुरते आहे, हे तुम्हाला माहीत असावे म्हणून सांगतो.

आता तुमच्या अश्रूंकडे येतो, कारण चार अनुभवांपैकी मला हा सर्वांत मोलाचा वाटतो आणि नेमका याच्यावरच तुम्ही सर्वांत जास्त संकोचला आहात.

'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये व्हिक्टर हा शास्त्रज्ञ जो जीव घडवतो तो कसा आहे, याचे जे चित्र जगभर पसरले आहे ते बरेचसे १९३१ च्या हॉलिवूड चित्रपटातून आले आहे. त्यात तो जवळजवळ मुका आहे, अडखळत चालतो आणि बघणाऱ्याला भिववतो. कादंबरीतला जीव अतिशय सुंदर बोलतो. पुस्तकाची रचनाच अशी आहे की बाहेरून वॉल्टन या दर्यावर्दीची पत्रे, त्यांच्या आत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनचे निवेदन आणि त्याच्याही आत, ग्रंथाच्या अगदी गाभ्यात, त्या जीवाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली कहाणी. तो डी लेसी कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो, भिंतीच्या फटीतून त्यांना पाहतो, त्यांचे बोलणे ऐकून भाषा शिकतो, त्यांना कळू न देता रात्री त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. त्याला सापडलेल्या पुस्तकांत मिल्टनचे 'पॅराडाइज लॉस्ट' असते आणि ते वाचून तो आपली तुलना आदमशी करतो, पण आपल्या निर्मात्याने तर आपल्याला टाकून दिले, हे त्याला आठवते. मग सगळे बाहेर गेलेले पाहून तो त्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलायला जातो, आणि म्हातारा त्याच्याशी माणसासारखे बोलतो, कारण त्याला त्याचे रूप दिसत नाही. तेवढ्यात मुले परत येतात आणि म्हाताऱ्याचा मुलगा फेलिक्स त्याला काठीने मारतो. फेलिक्सला फाडून टाकण्याइतके बळ त्याच्या अंगात असते, तरी तो हात उचलत नाही. या प्रसंगाशी ज्याचे डोळे भरून येतात त्याने लेखिकेने जे लिहिले आहे तेच वाचले आहे.

लेखिकेच्या आयुष्याकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. मेरी शेली यांनी १८१६ च्या उन्हाळ्यात ही कथा लिहायला घेतली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि १ जानेवारी १८१८ रोजी पुस्तक निनावी प्रसिद्ध झाले तेव्हा वीस वर्षांच्या. त्यांची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट त्यांच्या जन्मानंतर काही दिवसांतच वारल्या होत्या. १८१५ च्या फेब्रुवारीत मेरीला पहिले मूल झाले, ते अपुऱ्या दिवसांचे होते आणि मार्चमध्ये गेले. त्यानंतर तिने रोजनिशीत एका स्वप्नाची नोंद केली आहे, की बाळ नुसते गारठले होते, आम्ही त्याला शेकोटीपुढे चोळले आणि ते पुन्हा जिवंत झाले. निर्जीव देहात प्राण येण्याची कल्पना जिच्या मनात अशा वाटेने शिरली होती, तिचे पुस्तक वाचून फक्त भीतीच वाटावी, ही अपेक्षा मला चुकीची वाटते. लेखकाचे चरित्र माहीत नसताना तुम्ही मजकुरातूनच तिथे पोहोचलात, यात तुमच्या वाचनाचे सामर्थ्य आहे. (दादांनी दिलेली प्रत १८१८ च्या पाठाची आहे की १८३१ च्या, ते जरूर पाहा. दुसऱ्या पाठात लेखिकेने बरेच बदल केले आहेत. व्हिक्टर तिथे आपल्या कृत्यांसाठी नियतीला अधिक जबाबदार धरतो. पहिला पाठ मला अधिक रोखठोक वाटतो आणि तो वाचताना त्या जीवाची बाजू आणखी जड होते.)

'अर्थसी'बद्दलची तुमची व्यथा वेगळ्या जातीची आहे, कारण तिथे तुमचेच दोन वाचन एकमेकांसमोर उभे राहिले आहेत. सोळाव्या वर्षीचे प्रेम भाबडे होते आणि आताचे वाचन डोळस आहे, असा निष्कर्ष तुम्ही काढत असाल तर तो काढू नका. १९६८ साली आलेल्या या कादंबरीत गेड नावाचा मुलगा स्वतःच्या गर्वापायी एक सावली जगात सोडतो, तिच्यापासून पळतो, मग उलट तिच्या मागावर निघतो आणि शेवटी तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. सोळा वर्षांच्या मुलीला यात स्वतःचे काही सापडले असेल तर ते पुस्तकात खरोखरच आहे, आणि ते आजही तिथेच आहे. त्याच पुस्तकाच्या आरंभी बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट असते, अशा अर्थाच्या म्हणीही आहेत आणि रोक बेटावरच्या शाळेचे दार मुलींना बंद आहे, हेही तितकेच खरे. ले ग्विन यांना हे पुढे स्वतःलाच सलले. अर्थसी मालिकेच्या तिसऱ्या भागानंतर अठरा वर्षांनी, १९९० साली, त्यांनी 'तेहानू' लिहिली. तिच्यात त्यांनी शेत सांभाळणारी एक मध्यमवयीन विधवा आणि भाजलेली एक लहान मुलगी यांच्या बाजूने तेच जग पाहिले. गेड त्यात आहे, पण त्याची सगळी शक्ती गेलेली आहे. पुरुष नायकांच्या ज्या परंपरेत आपण आधीचे भाग लिहिले तिच्याविषयी त्यांनी नंतर व्याख्यानातही विस्ताराने विचार मांडला. आपल्या गाजलेल्या पुस्तकाकडे इतक्या प्रामाणिकपणे परत येणारे लेखक थोडे असतात, म्हणून 'तेहानू' तुम्ही आता, याच अस्वस्थतेत, वाचावी असे मला कळकळीने वाटते. काही वाचकांना ती आवडली नाही, कारण त्यांना जुनाच गेड हवा होता. तुम्हाला कोण हवे आहे, ते वाचताना कळेल.

टॉल्किन यांच्या ग्रंथाबद्दल मतभेद होणार हे त्यांना स्वतःला ठाऊक होते. १९५६ साली कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी लिहिले होते की या पुस्तकाबद्दल मध्यम मत असलेला माणूस आपल्याला भेटतच नाही. ऑडेन स्वतः त्याचे मोठे चाहते होते आणि त्याच वर्षी एडमंड विल्सन या नामवंत समीक्षकाने त्याची पोरकट म्हणून संभावना केली. पुढे दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किन यांनी सांगितले आहे की काहींना हे पुस्तक कंटाळवाणे वाटले, आणि वाचकांच्या पत्रांवरून असे दिसते की जे प्रकरण एकाला डाग वाटते तेच दुसऱ्याला विशेष आवडते. त्याच प्रस्तावनेत त्यांनी रूपकाविषयीची आपली नावड सांगितली आहे. कथेतली गोष्ट आपल्या अनुभवाला लावून पाहण्याचे स्वातंत्र्य वाचकाचे असते आणि रूपक लिहिणारा लेखक ते आपल्या हाती घेतो, असा त्यांचा आशय आहे. वाचकाला एवढा मान देणाऱ्या लेखकाचे पुस्तक अपराधी भावनेने वाचण्यात काही अर्थ नाही.

तरीही तुम्ही जिथे थांबलात त्या जागेबद्दल थोडे सांगतो. ती सभा हा ग्रंथातला कदाचित सर्वांत अवघड उंबरठा आहे. तिथे एकामागून एक माणूस उठतो आणि जुना इतिहास सांगतो, नावे भराभर येतात, त्यांतली निम्मी पुन्हा भेटणार नसतात. टॉल्किन भाषाशास्त्रज्ञ होते. आपल्या या जगाची प्रेरणा मुळात भाषेची होती, आधी भाषा आणि मग त्या बोलणाऱ्यांचा इतिहास, असे त्यांनीच म्हटले आहे. त्यामुळे वंशावळी, गाणी आणि जुनी नावे त्यांच्या दृष्टीने सजावट नव्हती, तोच कथेचा पाया होता. वाचकाने मात्र पायाचा प्रत्येक दगड मोजत बसण्याची गरज नाही. सभेत दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत: कथेच्या केंद्रस्थानी असलेली ती जादूची अंगठी वापरताही येत नाही आणि लपवताही येत नाही, म्हणून ती नष्ट करावी लागेल, आणि ते काम कथेचा नायक फ्रोडो स्वतःहून अंगावर घेतो. बाकीचे नुसते नजरेखालून घातले तरी चालेल. त्यापुढे एक प्रकरण ओलांडले की मोरिया या भूमिगत नगरीच्या अंधारातला प्रवास सुरू होतो आणि पुस्तकाची चाल पार बदलते.

नवख्या वाचकाच्या मताला किंमत असते का, या तुमच्या प्रश्नाला या साहित्यप्रकाराच्या इतिहासानेच उत्तर दिले आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले, आणि त्यात वाचकांची पत्रे पत्त्यांसकट छापली जाऊ लागली. वाचकांनी त्या पत्त्यांवर एकमेकांना लिहिले, त्यातून मंडळे निघाली, संमेलने भरली, आणि त्या पत्रलेखकांपैकी काही जण पुढे लेखक व संपादक झाले. गर्न्सबॅक यांच्या नावाचा ह्यूगो पुरस्कार १९५३ पासून दिला जातो आणि त्याचा कौल जागतिक संमेलनाचे सदस्य, म्हणजे मुख्यतः वाचकच, देतात. १९६६ साली सार्वकालिक सर्वोत्तम मालिकेचा खास ह्यूगो द्यायचे ठरले तेव्हा 'फाउंडेशन' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' दोन्ही स्पर्धेत होत्या, आणि पुरस्कार 'फाउंडेशन'ला मिळाला. दादांच्या कपाटातल्या दोन पुस्तकांवर अभिजाततेचा शिक्का उठवणाऱ्यांमध्ये असे सामान्य वाचक होते, आणि त्यांनी आपापल्या आवडीनिवडी घेऊनच मत दिले. त्या वेळी जे वाचक त्या खोलीत नव्हते, किंवा फार थोडे होते, त्यांच्या प्रतिक्रिया आता येत आहेत. तुमची त्यांपैकी एक आहे.

आता दादांचा प्रश्न. ते हसले, ते योग्य झाले नाही. पण त्या हसण्यावरून त्यांना तुमचे मत नको आहे असे मी मानत नाही, कारण मोकळेपणाने सांग, असे त्यांनीच आधी म्हटले होते. या पुस्तकांच्या चाहत्यांमध्ये एक जुनी उक्ती आहे की विज्ञानकथेचे सुवर्णयुग म्हणजे वाचकाच्या वयाचे बारावे वर्ष. शाळकरी वयात ज्याने हॅरी सेल्डनला पहिल्यांदा भेटून समाजाचे भवितव्यही मोजता येते या विचाराने रात्रीची झोप घालवली असेल, त्याच्यासाठी ते पुस्तक त्या वयापासून सुटे होत नाही. तुम्ही 'फाउंडेशन'मध्ये बायका नाहीत असे म्हणालात की त्यांना ते आपल्यातल्या बारा वर्षांच्या मुलावर केलेल्या टीकेसारखे ऐकू येण्याची शक्यता आहे. म्हणून आधी विचारा: हे पुस्तक तू कोणत्या वयात वाचलेस, कुणी दिले, कोणता भाग अजून आठवतो? ते बोलतील तेव्हा मध्ये खंडन करू नका. मग तुमचे सांगा, आणि पुस्तक कसे आहे यापेक्षा वाचताना कोणत्या पानावर तुमचे काय झाले, ते सांगा.

सुरुवात 'फ्रँकेन्स्टाइन'पासून करा, कारण तिथे तुमची बाजू सर्वांत भक्कम आहे आणि तिथेच दुखावले गेला आहात. दादांना म्हणा, "त्या दिवशी मी रडले म्हणाले आणि तू हसलास, ते मला लागले. झोपडीचे प्रकरण पुन्हा एकदा वाच, मग आपण बोलू." इतके पुरे आहे. त्यांच्या मनात चित्रपटातला मुका राक्षस असेल तर पुस्तकातला जीव त्यांना बाकीचे सांगेल. 'छान आहे' म्हणून ज्या पुस्तकांवर पडदा टाकलात त्यांच्याबद्दलही फार मोठी कबुली देण्याची गरज नाही; तेव्हा मी नीट सांगितले नव्हते, आता सांगते, एवढे म्हणून पुढे जा. तेही तुमच्याशी सहमत होतील अशी अट मात्र मनात ठेवू नका. फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही कादंबरी टॉल्किन यांना मुळीच आवडली नव्हती. १९६६ च्या एका पत्रात तसे सांगून, आपणही याच प्रकारचे लेखक असल्यामुळे तिच्यावर जाहीर मत न देणेच न्याय्य होईल, असे त्यांनी लिहिले. आज लाखो वाचक ही दोन्ही पुस्तके सारख्याच प्रेमाने शेजारी शेजारी ठेवतात. टॉल्किन यांना गप्प राहण्याचे कारण होते. तुम्हाला तर तुमच्या भावानेच विचारले आहे.

यानंतर पुढचे पुस्तक तुम्ही दादांना द्या, असेही मला सुचवावेसे वाटते. ऑक्टेव्हिया बटलर यांची १९७९ सालची 'किंड्रेड' त्यासाठी योग्य आहे. तिच्यात १९७६ सालच्या कॅलिफोर्नियात राहणारी डेना नावाची कृष्णवर्णीय लेखिका पुन्हा पुन्हा एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये, गुलामगिरीच्या काळात खेचली जाते, आणि प्रवास कसा घडतो याचे कोणतेही यंत्र लेखिका दाखवत नाही. यंत्र कुठे आहे, असे दादा बहुधा विचारतील, आणि त्यावर तुमचे चांगले बोलणे होईल. बटलर बारा वर्षांच्या असताना दूरचित्रवाणीवर एक सुमार विज्ञानपट पाहून, याहून चांगली गोष्ट आपण लिहू शकतो, असे त्यांना वाटले आणि त्यांनी विज्ञानकथा लिहायला घेतली. तुम्हाला 'फाउंडेशन'मध्ये जी जागा सापडली नाही ती बटलर यांनी आपल्या पुस्तकात स्वतः करून घेतली.

टॉल्किन यांचा ग्रंथ लगेच परत करू नका. सभेचे प्रकरण वर सांगितले तसे भराभर पार करा आणि मोरियातल्या खझाद-दूमच्या पुलापर्यंत जा. तिथेही मन रमले नाही तर पुस्तक मिटून दादांना द्या आणि कोणत्या पानावर थांबलात ते सांगा. पण त्यांना त्या सभेतले काय आवडते, हे ऐकल्याशिवाय निघू नका.